कोणता हुकूम शेवटचा

१९९९ साली हिंगणघाटच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सगळी घड्याळं अर्धा तास पुढं होती. बाया लवकर याव्यात म्हणून. सुट्टी द्यायच्या वेळी मात्र शेट स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहायचा. चोरीच ती, दुसरं काय! कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचीही वेळ त्यानं भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवायला लावली.

ऑपरेटर रोशननं तेव्हाच सांगितलं होतं, "शेटजी, आष्टीच्या केंद्रावरचा कॉम्प्युटर बरोबर टाइमवर हाये. मशीनवर टाकलेल्या हुकमाच्या कागदाचा नंबर टाइमवरूनच बनते. फोनच्या लाइनीवर दोन्ही मशीनी जुळल्या का मोठ्या नंबराचा कागदच शेवटचा हुकूम धरते. गडबड होईन."

"एका धंद्यात दोन टाइम ठेवू का बे?" धर्मेंद्रशेट म्हणाला. पण दोन ठेवले त्यानंच.

एका दुपारी आष्टीच्या खरेदी केंद्रावरून कापसाचा ट्रक आला. रोशननं कॉम्प्युटरवर 'उतरवा' टाकलं, ट्रक कापसाच्या गंजीवर रिकामा झाला. थोड्या वेळानं मशीनी जुळल्या. आष्टीच्या ऑपरेटर प्रफुलचा कागद स्क्रीनवर आला आणि 'उतरवा'च्या खाली, जुना म्हणून, बंद होऊन पडला. रोशननं सहज उघडला. 'ट्रक उतरवू नका. इथं उरलेल्या कापसात विस्तव निघाला.'

गंजीवर बाया खराब कापूस वेचत होत्या. त्यात रोशनची माय, तानाबाई.

तो ओरडतच पळाला. "माय, उतर! कापसात आग हाये!"

"तुह्या डोक्यात हाये," ती हसली. पण पोराचं तोंड पाहून उतरली. तिच्यामागं बाकीच्याही.

शेट स्क्रीन पाहूनच बाहेर आला. "बाया काऊन उतरवल्या? आधी 'उतरवू नका', मंग 'उतरवा'. म्हंजे प्रफुलनं कापूस पाहून मंग 'उतरवा' म्हटलं!"

"'उतरवा' म्या टाकलं, शेटजी. प्रफुलच्या कागदाच्या पहिले. आपली घडी अर्धा तास पुढं हाये!"

"लाव आष्टीले फोन."

लाइन लागेना. प्रफुल तिकडं बंब बोलवण्यात गुंतला असेल. शेटनं रिसीव्हर आपटला. "मशीन खोटं बोलते का? चढा वं! जे नाई चढन तिनं उद्यापासून येऊ नोको."

आष्टीचा कापूस केव्हाच गंजीत मिसळला होता. कापूस आत धुमसतो, वरून पांढराच दिसतो. रोशननं मायचा हात गच्च धरला.

"सोड. सगळ्याईच्या देखत तमाशा नोको करू," म्हणत तिनं हात सोडवला आणि बायांच्या मागं चढली. अर्ध्यावर थांबली. एक पाय उचलला, मग दुसरा.

"रोशन," ती वरून म्हणाली, "खालून गरम लागून राह्यलं रे."