खिळ्यावरचा झाडू

मी एक जुना झाडू आहे. जुना आणि अर्धा जळालेला. मित्रांनो, नाक मुरडू नका. हायड्रोजनवर गाड्या कशा चालवायच्या याचे संशोधन जिथे होते, त्या प्रयोगशाळेत मी होतो. पण केर काढायला नव्हे.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. गवत कापले, उन्हात वाळवले, दगडावर आपटून त्याचे बी झाडले आणि तारेने गळा आवळून मला लांब काठीला बांधले. पुढे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला आणून गॅसच्या खोलीच्या दाराशी खिळ्यावर टांगले. हायड्रोजनची आग भर उजेडात दिसत नाही. तिला ना रंग, ना धूर. म्हणून गॅसगळतीचा भोंगा वाजला की आत जाणाऱ्याने मला पुढे धरायचे. मी पेटलो, म्हणजे आग तिथे आहे. थोडक्यात, माणसाच्या आधी जळणे ही माझी नोकरी.

दर उन्हाळ्यात विद्यार्थी संशोधन शिकायला येत आणि त्या महागड्या यंत्रांत मला पाहून फिदीफिदी हसत. बाई म्हणत, "हसा खुशाल, पण तो तिथून हलवायचा नाही."

त्या वर्षी दोघे आले, लंबू आणि चिमणी. गॅसचे नळ सांभाळणारा तंत्रज्ञ हा चिमणीचा सख्खा मामा. कामावर त्याला 'सर' म्हणायचे ठरले होते; पण डबा उघडला की "मामा, तुझ्यातलं दे ना" सुरू व्हायचे.

एके दिवशी मोठे पाहुणे यायचे होते. आवराआवर करताना लंबूने मला उचलून कपाटामागे कोंबले. "पाहुण्यांना काय वाटेल? इथे संशोधन चालतं की साफसफाई?" चिमणी खळखळून हसली. मामा आत एका नळाचा जोड तपासत होता. त्याला हे कळलेच नाही.

तोच जोड निसटला. भोंगा बोंबलला आणि छताशी साठलेला गॅस एका दणक्यात पेटला. काचा तडातड फुटल्या, छताचे पत्रे कोसळले. मामा भिंतीवर आदळून खाली पडला. त्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मग उरली नुसती नळाची फुसफुस. खोलीत लख्ख ऊन होते आणि आग कुठेच दिसत नव्हती.

"मामा!" चिमणी धावली आणि तिने किंकाळी फोडली. तिच्या बाहीने पेट घेतला होता. लंबूने तिला मागे ओढून बाही विझवली.

"अगं, आग आहे कुठे? काहीच दिसत नाही!"

"झाडू घ्या!" मामा आतून कसाबसा ओरडला. "त्याच्याशिवाय पाऊल टाकू नका!"

चिमणीने खिळ्याकडे पाहिले. खिळा रिकामा. लंबू कपाटाकडे धावला. त्याने कपाटच आडवे पाडले आणि मला ओढून तिच्या हातात दिले.

तिने मला पुढे धरले आणि मी भडकन पेटलो. जळताना फार दुखते, मित्रांनो. तिने मला वरखाली फिरवून पाहिले. कमरेच्या उंचीवर मी भडकत होतो, जमिनीलगत नाही. मग ती पोटावर सरपटत त्या आगीखालून गेली आणि पलीकडचे गॅस बंद करायचे चक्र भाजलेल्या हाताने गच्च फिरवले. फुसफुस थांबली. दोघांनी मामाला फरफटत बाहेर आणले.

"मामा, मीच तो झाडू..." लंबू हुंदके देऊ लागला.

"रडतोस काय? आधी त्याला विझव!" मामा म्हणाला. तो वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला.

पुढे बाई निवृत्त झाल्या, मामा घरी बसला, ती दोघे आपापल्या वाटेने गेली. नव्या साहेबांनी माझा सत्कार केला. मला काचेच्या पेटीत ठेवले, वर कुलूप लावले. मी सुखावलो, खोटे कशाला बोलू? पण खिळ्यावर दुसरा झाडू टांगायचे कोणाला सुचले नाही.

आज नवे विद्यार्थी आले आहेत. काचेला नाक लावून त्यांनी मला पाहिले, फोटो काढले आणि ते आत गेले. मित्रांनो, मला कौतुक नको. एक साधा झाडू आणा आणि त्या खिळ्यावर टांगा. कोणी हसले तर हसू द्या. फक्त लवकर आणा. आत त्यांनी नळ उघडला आहे.