मी विसरलेला ओढा

मित्रांनो, डोंगरावर तुम्ही चढला असाल, पण डोंगर आपल्या अंगावर असला की कसं वाटतं, ते मला विचारा. माझ्या अंगावर असे दोन आहेत. शिवाय एक नदी, एक खिंड आणि एक अख्खं गाव. मी उठावाचा, म्हणजे डोंगरदऱ्या खरोखर उंचसखल घडवलेला नकाशा आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, आणि वय म्हणाल तर पस्तिशी उलटलेली. मला उचलायला चार माणसं लागतात आणि चौघंही कुरकुरतात.

माझा जन्म शाळेतल्या भूगोलाच्या खोलीत झाला. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. भिंतीवरच्या नकाशात मुलांना डोंगरही सपाट दिसतो आणि नदीही सपाट, हे त्यांना बघवेना. मग एका मोठ्या सुट्टीत त्यांनी धाकट्या भावाला कामाला जुंपलं. तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, पण घरात त्याला सगळे ढब्बूच म्हणत. सकाळी दोघं डोंगर पालथा घालत, चढउतार वहीत टिपून आणत, आणि दुपारी शाळेमागे राहणारे गवंडीमामा त्या वहीबरहुकूम मला घडवत. सरस, खडूची भुकटी आणि कागदाचा लगदा, एवढंच माझं सामान. कागद कुठला, तर जुन्या उत्तरपत्रिकांचा. तुझ्या पोटात कित्येक नापासांची उत्तरं आहेत, तेव्हा स्वतःला फार शहाणा समजू नकोस, असं बाई मला अधूनमधून बजावत. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

दरवर्षी भूगोलाचा पहिला तास माझ्याभोवती भरायचा. आपण घर कुठं बांधू, तिथं प्रत्येकानं बोट ठेवायचं. मग बाई डोंगरमाथ्यावर भांडंभर पाणी ओतत. माझ्या अंगाला ऑइलपेंट होता, त्यामुळे मी विरघळत नसे, पण गुदगुल्या मात्र व्हायच्या. ज्याचं बोट भिजलं त्याचं घर वाहून गेलं, असा नियम. हसून हसून पोरांची मुरकुंडी वळे, आणि ती शांत झाली की बाई सांगू लागत. खिंड चढण्याआधी गाड्यांची जनावरं इथं विसावा घेत, म्हणून आधी पाणवठा झाला, मग दुकानं, मग बाजार. नदीच्या जोरावर सूतगिरणी आली. पुढे वीज तारेतून कुठंही जाऊ लागली, तेव्हा गिरणीला नदीची गरज उरली नाही आणि ती स्वस्त मजुरांच्या मागे निघून गेली.

"जमीन माणसाला सवयी लावते," बाई म्हणत. "यंत्र त्या मोडतं आणि पैसा नव्या लावतो. उद्या काय होणार ते ओळखायचं असेल, तर तिघांवर एकदम नजर ठेवा."

ढब्बूला हे अजिबात पटत नसे. तो आता नगररचना खात्यात मोठा अधिकारी झाला होता, पोटही हुद्द्याला शोभेल असं सुटलं होतं, पण शनिवारी दुपारी बहिणीशी वाद घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याचं म्हणणं, भूगोलाचे दिवस संपले. डोंगर आडवा आला तर पोखरा, नदी आडवी आली तर पूल टाका. माणूस फोनवरून जगभर काम करू लागला, तर तो कुठल्या उतारावर राहतो याला काय किंमत? बाई विचारत, मग बोगद्याच्या तोंडाशी जमीन मिळावी म्हणून तुझ्या दारात एवढी रांग का? यावर तो चहा मागत असे.

तो बोगदा झाला तेव्हा ढब्बू गिरमिट घेऊन आला आणि त्यानं माझ्या डोंगराला खरोखर आरपार भोक पाडलं. बाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनीच मुलांना ते भोक दाखवून सांगितलं की आता गाड्या गावात थांबणार नाहीत, जुना बाजार ओस पडेल आणि पलीकडे गोदामं उभी राहतील. पुढच्या पाच वर्षांत तसंच झालं. भोकाचं मला वाईट वाटलं होतं, पण त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

नंतर वर्गात मोठा पडदा आला. त्यावर बोट फिरवलं की सगळी पृथ्वी गरगर फिरते. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. माझ्या खिंडीत कुणी दोरीउड्यांच्या दोऱ्या ठेवल्या, नदीवर तुटकी खुर्ची आली. मीही फुगून बसलो. पण इथं फुगलेलं बघायला येणार कोण?

एके शनिवारी खोलीचं दार उघडलं आणि बाई आत आल्या. केस पांढरे झालेले, निवृत्तीला वर्ष उरलेलं. मागे ढब्बू होता, शाळेचे दोन शिपाई होते, आणि सूचना करायला गवंडीमामाही आले होते. झालं होतं असं, की गावासाठी मोठं रुग्णालय मंजूर झालं होतं. जागा निवडणं ढब्बूच्या हातात होतं. त्यानं बोगद्याजवळचा सपाट माळ निवडला होता. रस्त्याला लागून, स्वस्त, आणि पडद्यावरच्या नकाशात अगदी स्वच्छ. सभेत त्यानं तसं सांगूनही टाकलं होतं, सोमवारी सही व्हायची होती. बाईंना मात्र लख्ख आठवत होतं की डोंगरावरून त्या माळाकडे एक ओढा उतरतो.

मला व्हरांड्यात ठेवलं. ढब्बूनं माळावर बोट टेकवलं. बाईंनी पाणी ओतलं. पाणी माथ्यावरून निघालं, उतारावर आलं आणि वळून सरळ नदीत गेलं. ढब्बूचं बोट कोरडं राहिलं. मला काय आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणी तरी मला विचारलं होतं आणि मी ठामपणे उत्तर दिलं होतं.

बाई खाली बसल्या. माझंच डोकं चालेनासं झालं असेल रे, असं त्या हळूच म्हणाल्या. ढब्बू जिंकला होता, पण बहिणीचा चेहरा बघून त्याला हसू येईना.

गवंडीमामा मात्र माझ्या पाठीवरून बोट फिरवत होते. ते एका जागी थांबलं.

"बाई, तुमचं बरोबर आहे. ओढा होता," ते म्हणाले. "मीच बुजवला."

पाच वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी मला बाहेर काढलं होतं. बाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या. माझ्या पाठीला लांबलचक तडा गेलेला, आणि तो नेमका ओढ्यातून गेलेला. मामांनी पुट्टी भरली आणि आयुष्यभराच्या सवयीनं वरून हात फिरवून सगळं गुळगुळीत केलं. दिसणारा सांधा म्हणजे त्यांच्या लेखी नामुष्की. वर हिरवा रंग चढला. इतकं सुबक काम, की त्यात ओढा गेला हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही.

मामांनी खिळ्यानं पुट्टी खरवडली. बाईंनी पुन्हा पाणी ओतलं आणि ढब्बूचं बोट भिजलं. मित्रांनो, मी शरमेनं अर्धा झालो. मघाशी मी अडाण्यासारखं चुकीचं उत्तर दिलं होतं, तेही छाती फुगवून.

ढब्बू म्हणाला, तुझा हा नकाशा एकाच दुपारी दोन उत्तरं देतो, मी सभेत कुठलं सांगू?

"याचं ऐकू नकोस आणि तुझ्या पडद्याचंही ऐकू नकोस," बाई म्हणाल्या. "चपला घाल."

संध्याकाळी दोघं चिखलानं माखून परतली. ओढा जागेवर होता, पण बोगदा खणताना निघालेल्या दगडांचा ढीग त्याच्या पात्रात टाकला होता. त्यामुळे पाणी आता सगळ्या माळभर पसरत होतं. झाडांच्या बुंध्यांवर गुडघ्यापर्यंत वाळलेला गाळ होता. तिथं शेळ्या चारणाऱ्या आजी म्हणाल्या होत्या की वर्षातले पंधरा दिवस इथं कुणी फिरकत नाही, म्हणून तर ही जमीन कुणी घेत नाही. ढब्बूला हे सगळ्यात जास्त लागलं. जमीन स्वस्त आहे एवढंच त्यानं पाहिलं होतं, का स्वस्त आहे हे विचारायचं राहून गेलं होतं. रुग्णांनी भरलेल्या खाटा आणि गुडघाभर पाणी, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी त्यानं भरसभेत आपली चूक कबूल केली. लोकांनी त्याला बरंच सुनावलं. जुन्या बाजाराची जागा उंचावर होती, पण बोगद्यापासून दहा मिनिटं लांब आणि महाग. तो तिच्यासाठी हटून बसला, आणि चार सभांनंतर ती मंजूर झाली. आता ओस पडलेल्या त्या गल्लीत औषधांची, फळांची दुकानं निघाली आहेत. बोगद्यानं नेलेली वर्दळ अशी थोडीशी परत आली.

मीही आता नगररचना खात्याच्या सभागृहात असतो, मोठ्या टेबलाच्या मधोमध. चहाचे कप ठेवायला जागा उरत नाही अशी तक्रार रोज होते. काचेची पेटी करायचंही ठरत होतं, बाईंनी ती होऊ दिली नाही. वर्षातून एकदा खात्यातलं कुणी तरी प्रत्यक्ष डोंगर चालून येतं आणि माझ्यात काय बदलायचं ते सांगतं. दगडांचा ढीगसुद्धा माझ्या अंगावर आला आहे. दिसायला ओंगळ आहे, पण खरा आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, हे तर मी सांगेनच. पण नुसतं जपून ठेवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. मला खरवडा, ओलं करा, माझी चूक काढा. जो नकाशा दुरुस्त होत नाही, तो तुम्हाला कधी तरी माळावर नेऊन सोडील. हे तुमच्या हातातल्या छोट्या पडद्यालाही लागू आहे, आणि तुमच्या स्वतःच्या ठाम मतांनाही.

गेल्या महिन्यात ढब्बूनं लाकडाचं इवलंसं रुग्णालय स्वतः कोरून आणलं आणि माझ्यावर चिकटवलं. बाई काठी टेकत बघायला आल्या. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ढब्बू, बोटभर डावीकडे." सगळं खातं बघत होतं. साहेबांनी निमूटपणे ते उचकटलं आणि बोटभर डावीकडे बसवलं.