आपल्या गाडीचा उजेड

तालोसागाच्या गाडीला रस्त्यावर फार मान होता. निदान तालोसागाला तसं वाटे. दिवेलागणीनंतर तो किनाऱ्याच्या रस्त्याने निघाला की समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी दोनदा दिवे मिचकवायची. टॅक्सीवाले, बसवाले, राजधानीतून, आपियाहून रिकामे परतणारे मासळीवाले, सगळेच. तालोसागा गावचा मताई होता, घराण्याचं नाव आणि कारभार दोन्ही सांभाळणारा मानकरी. चर्चमध्ये त्याची जागा पुढच्या बाकावर. तेव्हा लोक नमस्कार करतात यात त्याला काही नवल वाटत नसे. तोही नमस्कार परत करायचा. दांडी ओढून मोठा दिवा एकदा लख्ख पेटवायचा आणि शेजारी बसलेल्या फुआतिनोकडे बघायचा.

"बघितलंस? ओळखतात लोक."

"तुम्हाला ओळखतात की गाडीला?"

"गाडी कुणाची आहे?"

"तुमच्या भावाची," फुआतिनो म्हणायची. "त्यानं पागो पागोहून बोटीनं पाठवली म्हणून आहे. नाहीतर आपण बसच्या फळीवर बसून आलो असतो आणि मीच सगळ्यांना नमस्कार केले असते."

तो हसायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या टोमण्याला त्याला उत्तर सापडत नसे, आणि ते न सापडणं त्याला आवडायचं.

पागो पागो शेजारच्या अमेरिकन बेटावर, तेव्हा गाडी अमेरिकन होती, उजव्या बाजूने चालायला बनवलेली. दोन वर्षांपूर्वी सरकारने अख्खा देश रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे नेला. सुट्टी दिली, प्रार्थना झाल्या, रस्त्यावर बाण रंगवले. माणसं डावीकडे आली, गाड्या आल्या, दिवे मात्र आले नाहीत. खालच्या दिव्याचा झोत सरळ नसतो. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून तो एका अंगाला जरा वर चढवलेला असतो. तालोसागाच्या गाडीचा झोत उजवीकडे चढे. पूर्वी तिथे रस्त्याची कड होती. आता तिथे समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे होते.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. वार्षिक तपासणीला गाडी नेली तेव्हा तिथल्या माणसाने दिवे भिंतीवर पाडून दाखवले होते.

"दोन मार्ग आहेत," तो म्हणाला. "डावीकडून चालणाऱ्या गाडीचे दिवे मागवा आणि बसवा. नाहीतर काचेच्या एवढ्या भागावर काळी पट्टी चिकटवा. दोन्ही कायद्यात बसतं. यातलं काहीच केलं नाही, तर मी सही करणार नाही."

नवे दिवे ऑकलंडहून यायचे, त्याला वेळ लागणार. तालोसागाने तिथेच पट्टी चिकटवून घेतली, सही घेतली आणि घरी आला. रविवारी चर्चच्या आवारात पोरं गाडीभोवती जमली. गाडीच्या डोळ्यांत फूल पडलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. पलीकडच्या गावचा एक मताई पोटावर हात ठेवून हसला आणि म्हणाला, "म्हातारी झाली हो तुमची गाडी. ऑपरेशन करून घ्या."

तालोसागाला मनुष्यस्वभावातलं एक दुखणं होतं. त्याला हसलेलं सोसत नसे, बायकोचं सोडून. घरी येताच तो नखाने पट्ट्या खरवडायला बसला.

"राहू द्या ना," फुआतिनो म्हणाली. "त्या माणसानं काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल."

"त्याचं काय जातंय? गाडी थोडीच त्याची आहे."

पट्ट्या निघाल्या, डिंक काही निघेना. काचा आणखीच भयाण दिसू लागल्या. शेवटी फुआतिनोच चिंधीला रॉकेल लावून आली आणि दोन्ही काचा तिने घासून स्वच्छ केल्या. "घ्या, झाली तरणी," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्या गोष्टीला वर्षही झालं नव्हतं. गुरुवारी गाण्याची तालीम असायची. तालीम संपली की फुआतिनो चर्चच्या भिंतीपाशी उभी राही आणि तालोसागा तिला न्यायला जाई. त्या गुरुवारी तो नेहमीप्रमाणे निघाला. फणसाच्या वळणावरून चर्चच्या भिंतीपाशी येऊन तो गाडी हळू करत होता, तेवढ्यात समोरून एक गाडी आली. तिने दोनदा दिवे मिचकवले. त्याने मोठा दिवा पेटवून नमस्कार परत केला. ती गाडी त्याच्या बाजूने पुढे निघून गेली आणि मागे आवाज झाला. त्याला वाटलं, कुणाचंतरी डुक्कर गेलं.

गाडी बेकरीची होती. चालवणारा लाफाएले, तीन गावं सोडून पलीकडचा, विशीतला. तो रस्त्यात गुडघ्यांवर बसला होता आणि फुआतिनोचं डोकं त्याने मांडीवर घेतलं होतं. तालोसागाने त्याला मारलं नाही, एवढंच. पोरगा प्यायलेला असणार, असं तो म्हणाला, मग सगळं गाव म्हणालं. पोलिसांना काही दारूचा वास आला नाही, पण गावाने आपलं म्हणणं सोडलं नाही. दु:खाला कुणीतरी प्यायलेला लागतोच.

फुआतिनोचा भाऊ कालेपो त्याच रात्री आला. या मुलखात बहिणीपुढे भाऊ आवाज चढवत नाही आणि बहिणीला कुणी हात लावला तर गप्पही बसत नाही. कालेपो आडदांड माणूस, पण बहिणीपाशी बसून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "दाजी, ते लोक येतील. चटई पांघरून येतील, माफी मागायला. मी त्यांना उन्हात वाळवणार आहे. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"नाही पडत," तालोसागा म्हणाला. तेव्हा ते त्याच्या मनातलंच होतं.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी मुलगी ऑकलंडहून आली. आइलिनी तिथे इस्पितळात नोकरीला होती. विमानतळावरून आली ती आईपाशी बसली, मग उठली आणि वडिलांची गाडी घेऊन फुलं आणायला गेली. बसून राहणं तिच्याने होत नव्हतं. तालोसागा पाहुण्यांना घ्यायला रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला उभा होता. अंधार पडला होता. वळणावरून एक गाडी आली आणि त्याला दिसायचं बंद झालं. रस्ता नाही, भिंत नाही, घर नाही, नुसता पांढरा उजेड. त्याने हात डोळ्यांपुढे धरला.

"दिवा खाली कर," तो ओरडला.

गाडी थांबली. "खालीच आहे, बाबा," आइलिनी म्हणाली.

त्याने जवळ जाऊन खिडकीतून दांडी पाहिली. खालीच होती. आयुष्यभर गाडी चालवूनही माणूस स्वत:च्या दिव्यांसमोर कधी उभा राहत नाही. ते बाकीच्यांनीच बघायचे असतात.

"परत वळणापर्यंत जा," तो म्हणाला. "आणि ये. माझ्याजवळ आलीस की एकदा मोठा दिवा दाखव."

"आत्ता? बाबा, आत आई..."

"जा म्हणतो ना."

ती गेली. तो चालत चर्चपाशी गेला आणि बेकरीची गाडी जिथून आली असेल तिथे उभा राहिला. चर्चची भिंत त्याच्या डावीकडे होती, हात लांब केला तर लागेल इतकी. गाडी वळली आणि भिंत गेली. मग मोठा दिवा पेटला आणि त्याचे स्वत:चे पायही गेले. गाडी निघून गेल्यावरही बराच वेळ त्याच्या डोळ्यांत हिरवे डाग नाचत होते. भिंतीपाशी एखादी बाई उभी असती, तर ती त्याला आत्ताही दिसली नसती.

आइलिनी उतरून आली. तिला काही कळलं होतं की नाही, देव जाणे. "बाबा, हे दिवे बदलायला हवेत," ती हळूच म्हणाली. "तिकडे असे असले की समोरचे लोक दिवे मिचकवून सांगतात."

"इथेही सांगतात," तालोसागा म्हणाला.

तो रात्रभर फुआतिनोपाशी बसला. भजनं चालू होती. त्याने एकही म्हटलं नाही. दोन वर्षं माणसं त्याला ओरडून सांगत होती आणि तो त्यांना आशीर्वाद देत होता.

उजाडताना ते आले. लाफाएलेच्या घराण्याची सगळी मोठी माणसं घरासमोरच्या खडीवर माना खाली घालून बसली. सगळ्यांत पुढे लाफाएले आणि त्याचा म्हातारा चुलता, दोघांवर मिळून एक मोठी तलम चटई, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. इफोगाला, म्हणजे अशी चटईखालची माफी मागायला, आलेला माणूस सबब सांगत नाही. घरातल्या कुणी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली, तर बसायचं. कुणी दगड घातला तर तोही खायचा.

घर चहूबाजूंनी उघडं, नुसत्या खांबांचं. आतल्यांना बाहेरचे दिसत होते, बाहेरच्यांना आतले. कालेपो शवपेटीच्या उशाशी मांडी घालून बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. ऊन माडांच्या वर आलं. चटईखालून म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज यायला लागला. पाद्री कालेपोच्या कानाशी लागला, कालेपोने मान हलवली. मग पाद्री तालोसागाकडे आला.

"तुम्ही नवरा आहात. तुम्ही उचललीत तर कालेपोला बोलता येणार नाही. मोठं मन करा. गाव तुमचं नाव काढेल."

हेच तर होतं. उठायचं, चार पावलं जायचं, चटई बाजूला करायची. पोरगा सुटला असता, कोर्टानेही ते धरलं असतं. आणि गावाने म्हटलं असतं, बघा, बायको गेली तरी काय काळीज आहे माणसाचं. उजेडाचं कुणालाच कळलं नसतं. पण ती माफी त्याची नव्हतीच. ज्याच्यामुळे झालं त्यानेच माफी वाटायची, आणि वर मोठेपणा घ्यायचा. तालोसागा उठला तेव्हा त्याला स्वत:ची किळस आली होती.

तो बाहेर आला. सगळ्यांनी माना वर केल्या. खडीवर उभा राहून तो घराकडे वळला.

"कालेपो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भाषणाला उभ्या राहणाऱ्या मताईचा नव्हता. "हा पोरगा प्यायला नव्हता. याला दिसत नव्हतं. माझ्या गाडीचा झोत याच्या डोळ्यांत गेला. यानं दिवे मिचकवून मला सांगितलं, मी वर मोठा दिवा पेटवला. मला तपासणीवाल्यानं पट्टी लावून दिली होती. लोक हसले म्हणून मी ती काढली. तुझ्या बहिणीला मी मारलंय."

घरात कुणीतरी बाई मोठ्याने रडली. कालेपो हलला नाही. तालोसागा खाली बसला, चटईची कड उचलली आणि आत शिरला.

आत अंधार होता आणि घामाचा वास. लाफाएलेचा खांदा त्याच्या खांद्याला लागला.

"तुला माहीत होतं," तालोसागा पुटपुटला.

"हो, काका."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मी सुटलो असतो," लाफाएले म्हणाला. "पण काही दिसत नव्हतं तरी मी गाडी थांबवली नाही. पाव गरम होते. थांबायला हवं होतं."

पलीकडून म्हाताऱ्याने "गप बसा" म्हटलं.

किती वेळ गेला ते तालोसागाला कळलं नाही. मग खडीवर जड पावलं वाजली आणि चटई उचलली गेली. ऊन एकदम अंगावर आलं. कालेपो उभा होता. त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं, मग लाफाएलेला. पोरगा त्याच्या पायांशी वाकला, तसं कालेपोने त्याला वर ओढलं आणि घराकडे बोट केलं. "आत जा. पाणी प्या. तिच्या पाया पड."

दोघे गेले. तालोसागा उठायला लागला. कालेपोने त्याच्याकडे पाहिलं आणि चटई परत त्याच्यावर सोडली.

तो बसून राहिला. गुडघ्यांत खडी रुतत होती. आत लाफाएले मोठ्याने रडतोय, आइलिनी त्याला काहीतरी म्हणतेय, हे त्याला ऐकू आलं. नंतर एकदा आइलिनीचा आवाज अगदी जवळ आला, "मामा, पुरे आता. बाबा आहेत ते," आणि कालेपोचा, "ती माझी बहीण होती." पावलं लांब गेली. पाद्र्याची प्रार्थना सुरू झाली. फुआतिनोचं नाव घेतलं गेलं, तिची मुलगी, तिचा भाऊ, अशी घरच्यांची नावं घेतली गेली. तालोसागाचं नाव आलं की नाही, हे त्याला चटईतून नीट ऐकू आलं नाही. त्याला तिच्या तोंडाकडे शेवटचं बघायचं होतं, एवढंच मनात होतं, आणि ते मागायचं तोंड नव्हतं.

शेवटच्या भजनाला चटई परत उचलली गेली. या वेळी कालेपो एकटाच होता. त्याचे डोळे सुजले होते. त्याने हात पुढे केला नाही.

"माफ केलं असं समजू नका," तो म्हणाला. "मला अजून येत नाही ते. उठा. झाकण लावायच्या आधी तिला बघून घ्या, आणि मग माझ्यासमोर खांदा द्या. एक माणूस कमी पडतोय."