सरकणारं कापड

मास्तरांचा डावा हात कोपराखाली गेला त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून टेलरिंगच्या दुकानातलं कटिंगचं टेबल धाकट्या भावाकडे होतं, आणि गिऱ्हाइकांच्या बाह्या कमी-जास्त होत होत्या. कात्री चालवायला उजवा हात होताच. कापड दाबून धरणारा डावा नव्हता. मास्तरांना ते टेबल परत हवं होतं. बाकी कशाची आपल्याला फिकीर नाही, असं ते म्हणत.

कृत्रिम हात बनवणाऱ्या संस्थेत त्यांना तीन नमुने दाखवणार होते, पण खरे नव्हेत. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, डाव्या हाताच्या उरलेल्या भागाला पट्टे बांधले, की समोर एक आभासी खोली दिसे आणि आपल्याच कोपरापुढे नवा हात. जो पसंत पडेल तो एकच त्यांच्यासाठी बनणार होता.

पहिला अगदी हातासारखा हात. पाच बोटं, नखंसुद्धा. दुसऱ्याला तीन बोटं. तिसरा म्हणजे नुसती रबर लावलेली जाड पट्टी, थेट इस्त्रीचा तळ. बायको बाजूला बसून पडद्यावर सगळं बघत होती.

"अहो, पहिलाच घ्या," ती म्हणाली. "लोक वळून बघायला नकोत."

मास्तरांच्याही मनात तेच होतं. पेले उचलून झाले, कुलूप उघडून झालं. शेवटी संस्थेतल्या इंजिनिअर मुलीने खास त्यांच्यासाठी त्या आभासी खोलीत कापड आणि कात्री आणली. पहिल्या हाताखाली कापड धरून त्यांनी बाही कापली. झकास कापली. दहापैकी दहा गुण म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"ताई, हे कापड सरकत नाही," ते म्हणाले.

"सरकायला हवं?"

"कापडच ना ते? फळी नव्हे. अस्तराचं कापड तर नजर हटली की पसार होतं."

मुलगी अर्धा तास संगणकाशी झटापट करत बसली. मग कापड सरकू लागलं. पाच बोटांच्या टोकांखालून ते निसटलं, बाही वाकडी आली. तीन बोटांनी तर पार माती केली.

पट्टीखाली कापड हललं नाही. मास्तर कापत गेले. खांदे सैल, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. बायकोने ती जीभ दीड वर्षात पाहिली नव्हती. घरी ते नुसते बसून असत आणि तिला त्याची भीती वाटे.

"तिसरा," मास्तर म्हणाले. चष्मा त्यांनी लगेच काढला नाही. नखं असलेला तो हात त्यांना फार आवडला होता, आणि त्यांना वाईट वाटत होतं.

मुलीने अर्जावरचा शेवटचा प्रश्न वाचला. "हा हात लावून चारचौघांत जाल का?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि बायकोकडे पाहिलं.

"दुकानात लावतील," बायको म्हणाली. "चारचौघांत हात कशाला लागतो? मी असते की बरोबर."