बेडरूममधलं नोंदणी कार्यालय

चष्मेवाल्यांना एकच व्यसन होतं. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे आणि घरी येताना भंगारवाल्याकडे डोकावून एखादा जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर काखेत मारून आणायचा. आणला की नुसता पुसून ठेवायचा असंही नाही. एकाची रॅम काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचा पंखा तिसऱ्याला, असं करत करत प्रत्येकाला पहिल्यापेक्षा तगडा करायचा.

"हा आता पूर्वीच्या दुप्पट पळतो," ते कौतुकाने सांगायचे.

"पळून जात का नाही मग?" त्यांची बायको विचारायची.

ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे शेजारपाजारचे, दुकानदार, रिक्षावाले सगळे तिला 'बाई' म्हणत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवराही म्हणायला लागला. तिची आईही त्यांच्याकडेच राहायची. या सासूबाई हॉलमधल्या एका अवजड मॉनिटरला पाठ टेकून विणकाम करायच्या. मॉनिटर चालू असला की पाठ छान शेकली जाते, हा जावयाच्या छंदाचा त्यांच्या मते एकमेव फायदा होता.

सगळ्यांत लाडका कॉम्प्युटर बेडरूममध्ये होता. 'मध्ये' म्हणण्यापेक्षा तो बेडरूमभर होता. सुधारणा करता करता त्याचं सामान पेटीत मावेनासं झालं होतं. त्याची हार्ड डिस्क कपाटात बाईंच्या साड्यांशेजारी होती, पॉवर सप्लाय पलंगाखाली, मॉनिटर ड्रेसिंग टेबलावर आणि मदरबोर्ड खिडकीच्या कट्ट्यावर उघडाच. मधल्या वायरी पलंगावरून गेलेल्या. बाई झोपायला जाताना पाय उंच उचलून त्या ओलांडायच्या आणि कुशीवर वळायच्या आधी विचारायच्या, "वळू का?"

एके दिवशी दुकानात एक साहेब चष्मा करायला आले. विवाह नोंदणी कार्यालयाचे मुख्य अधिकारी. समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचता वाचता मध्येच थांबले आणि त्यांनी डोळे पुसले.

"पाणी येतंय का डोळ्यांतून?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"डोळ्यांतून नाही हो, मनातून येतंय," साहेब म्हणाले. "आमचा कॉम्प्युटर गेला. लग्नं अडली आहेत. नोंदणीचा प्रोग्राम ज्याने लिहिला तो माणूस कुठे गेला कोणालाच माहीत नाही, आणि नव्या कुठल्याच मशीनवर तो प्रोग्राम उघडत नाही. जोडपी बाहेरच्या बाकावर बसून भांडायला लागली आहेत. चार दिवस उशीर झाला की माणसं एकमेकांकडे नीट बघायला लागतात, मग पंचाईत."

"कुठलं मशीन होतं?"

साहेबांनी सांगितलं. चष्मेवाल्यांच्या हातातलं भिंग खाली पडलं. "आहे की माझ्याकडे. बेडरूममध्ये."

साहेब शिपायाला घेऊन त्याच संध्याकाळी घरी आले. प्रोग्रामची फ्लॉपी घातली, खरखर झाली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'विवाह नोंदणी' उमटलं. साहेबांनी हात जोडले. मशीन उचलून न्यायचं ठरलं तेव्हा मात्र शिपाई वायरींच्या मागोमाग पलंगाखाली गेला, तिथून कपाटात गेला आणि परत येऊन म्हणाला, "साहेब, हे न्यायचं तर खोली न्यावी लागेल."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग कार्यालय आणू," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी कार्यालय आलं. दोन टेबलं, शिक्क्यांचा खोका, 'शांतता राखा' ही पाटी, आणि रांग. रांग जिन्यापासून सुरू होऊन हॉलमधून वळसा घेत बेडरूमच्या दारापर्यंत. बाई शाळेतून आल्या तेव्हा त्यांना दारात अडवून शिपायाने विचारलं, "वर की वधू?"

"मालकीण," बाई म्हणाल्या.

"मालकिणींची रांग नाही," शिपाई म्हणाला.

बाईंनी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. पण साहेब अतिशय सभ्य होते. ते पलंगाच्या कडेवर बसायचे, कधी मध्ये बसले नाहीत. कपाट उघडताना तोंड फिरवायचे. आणि सासूबाई तर पार खुलल्या होत्या. एका जोडप्याचा साक्षीदार आयत्या वेळी आला नाही, तेव्हा साहेबांनी त्यांना सही करायची विनंती केली. तेव्हापासून त्या कायमच्या साक्षीदार झाल्या. पण फुकट सही करतील तर त्या सासूबाई कसल्या! विणकाम मांडीवर ठेवून आधी उलटतपासणी घ्यायच्या.

"घोरतो का गं हा?" त्या मुलीला विचारायच्या.

"मला काय माहीत, आजी."

"मग माहिती काढून ये. पुढचे!"

निम्मी जोडपी परत जायची. साहेब म्हणायचे, इतकं काटेकोर काम सरकारी नोकरीत त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुःखी होते ते फक्त चष्मेवाले. त्यांना ताकीद मिळाली होती: मशीनला हात लावायचा नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनला! तो प्रोग्राम रांगत चालायचा. शेवटच्या पानावर तर एक प्रश्न यायचा, 'दोघांनी नीट विचार केला आहे का?' आणि खाली शंभरापासून एक आकडा उतरायला लागायचा. तो शून्यावर यायच्या आत 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. काहीच दाबलं नाही, तर मशीन ते 'हो' धरायचं. आकडा इतका सावकाश उतरायचा की जोडपी जांभया द्यायची. चष्मेवाले दारातून बघायचे आणि त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या. कपाटात एक जोरकस प्रोसेसर पडून होता. नुसता पडून!

अखेर एका रविवारी, कार्यालय बंद असताना, त्यांनी तो बसवला. रॅम वाढवली, डिस्क बदलली. बाई म्हणाल्या, "अहो, सरकारी काम आहे ते." पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी आलेला तजेला बघून गप्प बसल्या.

सोमवारी साहेबांनी मशीन सुरू केलं आणि ते पलंगाच्या कडेवरून सरकून मध्ये गेले. पान उघडा म्हणायच्या आत उघडत होतं! अडलेली सगळी लग्नं जेवणाच्या सुट्टीआधी उरकली. पण आकडाही त्याच वेगाने उतरू लागला होता. शंभर ते शून्य, पापणी लवायच्या आत. कळफलक चालतो का बघायला शिपायाने एका रकान्यात स्वतःचं नाव टाइप केलं होतं. दुसऱ्या रकान्यात, काहीतरी भरायला हवं म्हणून, कार्यालयाची वेळ विचारायला आलेल्या एका बाईंचं नाव विचारून टाकलं होतं. कोणी काही दाबलं नाही. मशीनने ते 'हो' धरलं आणि प्रमाणपत्र छापून बाहेर टाकलं.

"रद्द करा!" त्या बाई ओरडल्या.

"रद्द करायला दुसऱ्या खात्याकडे जावं लागतं," साहेब ओशाळून म्हणाले. "दोघांनी मिळून."

दोघं मिळून गेले. परत आले नाहीत. शिपायाचा रजेचा अर्ज मात्र आला.

साहेब चष्मेवाल्यांना खूप बोलले. पण आता त्यांच्याकडे वेळ होता, आणि रिकाम्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतंच. ते जुन्या नोंदींमध्ये ओळखीच्या लोकांची लग्नं शोधत बसले. मेहुण्याचं सापडलं, शेजाऱ्याचं सापडलं. मग चष्मेवाल्यांचं शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं. तरी नव्हतं.

"बाई," साहेबांनी चाचरत हाक मारली, "तुमचं लग्न झालेलं दिसत नाही."

बाई परीक्षेचे पेपर तपासत होत्या. लाल पेन खाली ठेवून त्या बेडरूममध्ये आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू आठवलं. लग्नाच्या दिवशी सह्यांच्या वेळी कार्यालयातली वीज गेली होती. उद्या या, असं सांगितलं होतं.

"उद्या तुम्ही कुठे होतात?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

चष्मेवाले खिडकीबाहेर बघायला लागले. "भंगारवाल्याकडे. पहिला कॉम्प्युटर मिळाला होता ना त्या दिवशी. मग राहूनच गेलं."

"मग इतकी वर्षं मी कोणाच्या वायरी ओलांडत होते?"

साहेबांनी अदबीने आपली खुर्ची बाईंना दिली. सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "मला आपलं सारखं वाटायचं, हे गृहस्थ कोण?" आणि त्या क्षणापासून त्यांनी 'जावईबापू' म्हणणं सोडून दिलं. चहा देताना म्हणायच्या, "घ्या, चष्मेवाले."

बाईंनी आदळआपट केली नाही. त्यांनी फक्त नवऱ्याची उशी हॉलमध्ये नेऊन ठेवली. परक्या माणसाला सरकारी कार्यालयात झोपता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. साहेबांनी मान डोलावली. नियमाला धरूनच होतं ते.

चष्मेवाले हॉलमध्ये कॉम्प्युटरांच्या गराड्यात पडून राहू लागले. दुकानात गिऱ्हाइकांना भलतेच नंबर द्यायला लागले. शेवटी एका सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते रांगेत उभे राहिले. जिन्यापासून. नंबर आल्यावर बेडरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, माझ्याशी नोंदणी कराल का?"

"करू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "हा घोरतो. मला माहीत आहे."

"मी विचार करीन," बाई म्हणाल्या. "पण नीट. या मशीनसारखं नाही, की पापणी लवली आणि झालं. पहिल्या वेळी मला कोणी विचारायलाच बसलं नव्हतं. आता मला वेळ पाहिजे."

"किती?"

"पुरेल तेवढा."

चष्मेवाल्यांनी टोपलीभर सुटे भाग काढले आणि खिडकीच्या कट्ट्याशी बसले. जोरकस प्रोसेसर उपटला. त्याच्या आधीचाही बसवला नाही. त्याच्याही आधीचा शोधला, ज्याला ते आजवर हसत आले होते. रॅम काढली, फक्त जीव तगेल एवढी ठेवली. आयुष्यात त्यांनी कुठलंही मशीन हळू केलं नव्हतं. साहेब शेजारी उभे राहून स्क्रू धरत होते आणि चुकचुकत होते.

दुपारी मशीन सुरू झालं. दोघांची नावं भरली. प्रश्न आला, 'दोघांनी नीट विचार केला आहे का?' शंभर. बाई खुर्चीवर बसल्या, चष्मेवाले स्टुलावर. बऱ्याच वेळाने नव्याण्णव.

"चांगलं हळू झालंय," बाई म्हणाल्या.

"अजून होऊ शकेल."

"नको."

बाहेरची रांग कंटाळून घरी गेली. साहेब कपाटाला टेकून पेंगले. सासूबाईंचा एक मोजा विणून झाला. बाईंनी राहिलेले पेपर तपासले. मध्येच त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये एवढं काय होतं?"

चष्मेवाल्यांनी डोकं खाजवलं. "काही नाही. बंद होता. लोकांनी टाकून दिला होता. मी सुरू केला, तर झाला. मला वाटलं नव्हतं माझ्या हातून असं काही होईल."

"मला सांगायचंत."

"तुम्ही नकाशे काढत होतात."

"मी वर बघितलं असतं की."

मग दोघं बरंच बोलले. भंगारवाल्याबद्दल, शाळेबद्दल, नको असताना घेतलेल्या पलंगाबद्दल. एवढं सलग बोलणं त्यांच्यात शेवटचं कधी झालं होतं ते दोघांनाही आठवेना. बोलता बोलता ऊन भिंतीवरून खाली आलं आणि बाईंचा डोळा लागला. मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली.

आकडा पंधरावर होता. चष्मेवाले बघत राहिले. चौदा. तेरा. नुसतं गप्प बसायचं होतं. आकडा शून्यावर गेला की मशीन 'हो' धरणार, प्रमाणपत्र छापणार आणि उशी परत बेडरूममध्ये येणार. सासूबाईही त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. सुया थांबल्या होत्या. सात. सहा.

चष्मेवाले उठले आणि बाईंचा खांदा हलवू लागले. "बाई, उठा. बाई! पाच राहिलेत. तुमचं तुम्ही दाबा."

बाई दचकून जाग्या झाल्या. पडदा बघितला, मग नवऱ्याचा घाबरा चेहरा. "तुम्ही गप्प का नाही बसलात?"

"झोपेतल्या माणसाचा 'हो' काय कामाचा? चार झाले. दाबा ना काहीतरी!"

बाईंनी केस सारखे केले, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तीनला 'हो' दाबलं. प्रिंटर खडखडला. साहेब जागे होऊन टाळ्या वाजवायला लागले. सासूबाईंनी कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत दोनदा वाचला आणि पेन मागितलं. "उठवलंत म्हणून सही करते," त्या म्हणाल्या. "घोरण्याचं आपण नंतर बघू."

घरात शिक्के, टेबलं आणि मोजे यांच्यामुळे निवांत बसायला कोपरा नव्हता, म्हणून नवरा-बायको चपला घालून फिरायला बाहेर पडले. जिन्यात सकाळचं एक चिवट जोडपं अजून वाट बघत बसलेलं होतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं, मशीनकडे एकदा बघितलं, आणि विचारलं, "डबा आणलाय ना?"