जावयाचं तोंड

पायाकुम्बुह शहराजवळच्या एका गावात लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी राहायला जातो. युलिसमानही असाच आलेला. सासूला तो अमाक, म्हणजे आई, म्हणायचा; ती त्याला 'अहो सुतान' अशी, लग्नात मिळालेल्या मानाच्या किताबाने हाक मारायची. मान मोठा, तसं ताटही मोठं. अमाकने वाढलेलं जावयाने निमूट संपवायचं, एवढीच अट.

आणि इथेच घोडं अडलं होतं. पठ्ठ्याच्या हिरड्यांवर आणि ओठांच्या आतून पिवळट पुटकुळ्यांची रांगच्या रांग उठली होती. हिरव्या मिरचीचा ठेचा लागला की त्याला ब्रह्मांड आठवायचं. दोन घासांत 'पोट भरलं' म्हणून तो उठायचा. अमाक त्याला काही बोलायची नाही. शेजारणीला मात्र त्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगायची, की आमच्या सुतानांना हल्ली बाहेरचंच गोड लागतं म्हणे.

एकदा बायकोने, रेफ्लिंदाने, बळेच त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि बिंग फुटलं. मग काय, सगळ्या आळीने वैद्यकी सुरू केली. अंगातली उष्णता, यावर सर्वांचं एकमत. नारळपाणी झालं, सब्जाचं सरबत झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. गावच्या डॉक्टरने मलम दिलं. पुटकुळ्या ढिम्म. उलट काखेत आणि जांघेत नव्या उठल्या.

एक गोष्ट मात्र या गड्याने बायकोलाही सांगितली नव्हती. कित्येक महिने त्याला सारखं संडासाकडे धावावं लागत होतं आणि रक्तही पडत होतं. सासुरवाडीत असलं बोलतात का कधी? शिवाय आतून त्याला वेगळीच धास्ती होती. कायमचा आजारी जावई कोण ठेवून घेणार? घरं सगळी बायकांची, तेव्हा गोडीगुलाबीने त्याच्या बहिणीच्या घरी पाठवतील, आणि गेलेल्याला पुन्हा बोलावतीलच असं नाही. रेफ्लिंदाशिवाय त्याला एक दिवस करमत नव्हतं.

शेवटी पदांगच्या मोठ्या इस्पितळात, तोंडाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. रेफ्लिंदा शिकवायची त्या शाळेत परीक्षा, तेव्हा अमाकच ओढणी सारखी करून बसमध्ये चढली. वाटभर युलिसमान देवाचा धावा करत होता.

बाईंनी ओठ उलटून पाहिला, काख पाहिली आणि विचारलं, "पोट कसं आहे? शौचाला रक्त वगैरे?"

"छे छे, पोट एकदम उत्तम."

"खोटं बोलताहेत," अमाक खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दिवसभर आत-बाहेर चालू असतं यांचं. घाईत पाणी नीट टाकत नाहीत. रक्त मी धुते."

युलिसमानला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. अमाकला सगळं ठाऊक होतं तर! जावयाला असलं विचारायचं कसं, म्हणून ती गप्प होती. जेवणावरून टोमणे मारले की चिडून तरी खरं ओकतील, असा तिचा हिशेब.

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावलं, की खरा आजार मोठ्या आतड्यात आहे, तोंडात आणि कातडीवर उठलंय ते त्याचंच. ओठाच्या आतला कणभर तुकडा तपासायला गेला, आतड्यात नळी घालून पाहिलं, आत सूज आणि जखमा निघाल्या. आतड्याची औषधं सुरू झाली, जोडीला स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, अशी तंबी मिळाली.

पुढच्या खेपेपर्यंत हिरड्या स्वच्छ झाल्या होत्या. पण बाई म्हणाल्या, हा आजार मुळापासून जात नाही, अधूनमधून डोकं वर काढणार. युलिसमानचा चेहरा पडला. बाहेर बाकावर बसल्यावर तो हळूच म्हणाला, "अमाक, मी बहिणीकडे जाऊन राहतो. तुम्हाला रोजचा जाच नको."

अमाकने पिशवीतल्या गोळ्या मोजायला घेतल्या. त्याला वाटलं, झालं, संपलं.

"तुम्ही नसलात की माझी पोरगी जेवत नाही," ती म्हणाली. "आणि मलाही घर खायला उठतं. शिवाय तुमच्या बहिणीकडचा संडास माशांच्या तळ्यावर बांधलेला, फळीवरून जावं लागतं. तिथवर पोचणार आहात का तुम्ही?"

युलिसमान खो खो हसला, आणि हसता हसता त्याला रडूच आलं.