मधाइतकं दाट पाणी

ऑरिनला पक्षाघाताचा झटका आला तो मक्याच्या काढणीत. हातपाय हळूहळू सावरले, पण गिळणं काही पूर्ववत झालं नाही. साधं पाणी प्यायला की ठसका लागून जीव घाबराघुबरा व्हायचा. इस्पितळातल्या डेनिस नावाच्या थेरपिस्ट बाईने त्याच्या बायकोला, व्हर्नाला, पाणी दाट करून द्यायला शिकवलं होतं. चमचा कलता केल्यावर थेंब गळले तर पातळ. मधासारखी संथ धार लागली तर बरोबर. चमच्यालाच चिकटून बसलं तर फार घट्ट. तेव्हापासून व्हर्ना पाण्यात, कॉफीत, सुपात पांढरी पूड घोटायची.

"खळ पाजतेस मला," ऑरिन कुरकुरायचा.

बर्फ वितळायच्या दिवसांत एका सकाळी ती पूड घालायलाच विसरली. लक्षात आलं तेव्हा त्याने अर्धा पेला संपवला होता. ठसका नाही, काही नाही. तिने उरलेल्यात चमचा बुडवून उचलला. मधासारखी धार लागली, तुटेचना. पुडीने पाणी गढूळ व्हायचं. हे काचेसारखं नितळ होतं.

तिने नळाखाली दुसरा पेला भरला. पाणी पाण्यासारखंच होतं. तो ऑरिनच्या हातात देऊन परत घेतला, तर दाट. डेनिस फोनवर म्हणाली, पेल्याला जुनी पूड लागली असेल. व्हर्नाने सगळे पेले उकळून काढले. फरक पडला नाही.

"ऑरिन, हे काय होतंय रे?"

"ते माझ्यासाठी थांबतं," तो म्हणाला. "तू कशाला घाबरतेस?"

मग दाढी करताना त्याला ब्लेड लागलं. रक्ताचा थेंब वर आला आणि मण्यासारखा तिथेच बसला. तिने नाडी धरली. एका ठोक्यानंतर दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. तो मात्र शांतपणे खिडकीबाहेर बघत होता.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, तो खुर्चीतच गेला. शेजारच्या पेल्यात घोटभर उरलं होतं. ते ओतून द्यायला व्हर्नाचा हात होईना. तिने पिऊन टाकलं. चव पाण्याचीच होती, पण घशाखाली उतरायला फार वेळ लागला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल संपलं, कॉफी फिरली, लोक कोट चढवू लागले. तेव्हा तिची नणंद मार्डेल वाकून हळूच म्हणाली, "व्हर्ना, गालावर काहीतरी आहे गं तुझ्या."

कबरीपाशी डोळ्यातून सुटलेला थेंब अजून अर्ध्या गालावरच होता. मार्डेलने रुमाल पुढे केला. व्हर्नाने तो घेतला नाही.